आवाजाची मोजपट्टी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात निर्णा येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी मला धाडलेल्या पत्रात 'शिक्षण आणि समाज' ह्या विषयावर वीस मिनिटे बोलावे, असे लिहिले होते. त्या विषयावर मी ह्याच मांडवाखाली पूर्वी तीनदा बोललो आहे आणि आपणही ते तीनदा सोसले आहे. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलून घेतला. आपला मेंदू आपल्याकडून बोलणे कसे करवून घेतो, आणि पार्किन्सनच्या आजारात ते बोलणे का बुडत जाते, ह्याविषयी मी आज चार गोष्टी सांगणार आहे. ह्या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणतात, हकीम मंडळी रअशा म्हणतात. मी डॉक्टर नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला मास्तर आहे. जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि घरात डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगेन.

हा विषय मला सुचण्याचे कारण आपल्या ट्रस्टच्या इतिवृत्ताच्या वहीत आहे. आठ वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त मी लिहीत होतो. कब्रस्तानाच्या कंपाउंड भिंतीचा ठराव होता आणि त्यासाठी पैसे कमी पडत होते. हायस्कुलासाठी हुमनाबादला जाणाऱ्या मुलींना ट्रस्ट बसभाडे देत असे, ते एक वर्ष थांबवावे आणि ती रक्कम भिंतीकडे वळवावी, अशी सूचना आली. अध्यक्षांनी विचारले, कोणाचा विरोध? पंखे फिरत होते, मागे चहाच्या कपांचा आवाज चालू होता. कोणी काही बोलल्याचे मला ऐकू आले नाही. मी वहीत लिहिले, 'सर्वानुमते मंजूर'.

दुसऱ्या रांगेत माझे मामू बसले होते. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले होते, हे आज कबूल करतो. तसबीह चालली असेल, असे मला वाटले.

त्याच संध्याकाळी मामू माझ्या दारात उभे राहिले. आपण सभेत उठून विरोध केला, मुलींचे भाडे थांबवू नये असे स्पष्ट सांगितले, आणि सख्ख्या भाच्याने ते लिहिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी म्हणालो, "मामू, तुम्ही बोललाच नाहीत." त्यावर ते म्हणाले, "मैं तो जोर सेच बोला, तुम लोगाँ सुनतेच नै!" हे वाक्यसुद्धा ते इतके हळू बोलले की मला अर्धे ओठांवरून समजून घ्यावे लागले. आणि मी काय समजलो? म्हातारा हट्टाला पेटला आहे, न केलेला विरोध आता केला म्हणून सांगतो आहे. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्यात सलामापुरतेच बोलणे राहिले.

गावातल्या जुन्या माणसांना सांगायला नको, हे तेच मामू. लाउडस्पीकर नव्हता त्या दिवसांत ह्यांची फजरची अजान पलीकडच्या तुरीच्या शेतापर्यंत ऐकू जाई. असल्या गळ्याचा माणूस आपल्याशी पुटपुटतो, ह्याचा अर्थ तो आपल्यावर नाराज आहे, असाच आम्ही सर्वांनी घेतला. त्यांचा चेहराही पूर्वीसारखा हसरा राहिला नव्हता. कोणी विनोद केला तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. लोक म्हणू लागले, हल्ली ह्यांना गर्व झाला आहे. नातवंडे दूर पळू लागली. एकट्या मुमानी त्यांचे सारे बोलणे समजत आणि पाहुण्यांना पुन्हा सांगत. मुमानींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा आवाज दोन वर्षांपासून बसला होता. खोकल्याचे औषध झाले, ज्येष्ठमध झाला, घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिले, पण घशात काही दोष सापडला नाही.

दोष सापडला तो आपल्या वहीत. ट्रस्टचा अहवाल तयार करताना मी जुन्या सभांची हजेरी चाळीत होतो. मामूंची सही उर्दूत आहे. जुन्या पानांवर ती उजवीकडून डावीकडे ऐटीत पसरलेली असे. पुढच्या प्रत्येक वर्षी ती आकसत गेली होती, आणि शेवटच्या सह्यांत तर पहिले अक्षर बरे असे, पुढची बारीक होत जात, अखेरचे अक्षर म्हणजे नुसता ठिपका. शाळेत मी वीस वर्षे वह्या तपासतो आहे. मूल कंटाळते तेव्हा अक्षर वाकडे होते, मोठे होते, रेघ सोडून जाते. ते असे मापात लहान होत जात नाही. ती पाने घेऊन आम्ही मामूंना हैदराबादच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी मामूंना चार पावले चालायला लावले, बोटे एकमेकांवर आपटायला सांगितली, एक ओळ लिहून घेतली, वीसपर्यंत मोजायला लावले. घशाकडे त्यांनी पाहिलेही नाही. "हा पार्किन्सन आहे," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, त्यांचे हात तर थरथरत नाहीत. त्यांनी सांगितले की प्रत्येकाचे हात थरथरतातच असे नाही. कोणाची चाल आखूड होते, कोणाचे अक्षर, कोणाचा आवाज.

ह्या आजाराचे पहिले नीट वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या पुस्तकात केले. थरथरणारे हात आणि पुढे झुकलेली चाल त्यांनी टिपलीच, पण रोग्याचे बोलणे समजेनासे होते, हेही लिहून ठेवले. पुढे लोकांच्या ध्यानात हात राहिले आणि बोलणे मागे पडले. ते अद्यापही मागेच आहे, असे मला वाटते.

आता मेंदूचे पाहू. आपण बोलतो तेव्हा फुप्फुसांतला वारा वर येतो, कंठातील दोन पडदे थरथरतात, पुरुषाचे सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा, आणि त्या ध्वनीला जीभ, टाळू, दात व ओठ आकार देतात. सेकंदाला चार-पाच अक्षरे ह्या वेगाने हे चालते. घरी दखनी, शाळेत मराठी, कचेरीत कानडी असे आपण दिवसभर बोलतो, पण जीभ कोठे ठेवावी ह्याचा एकदाही विचार करीत नाही. तो विचार मेंदू करतो.

१८६१ साली पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे एक रोगी होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे पुष्कळसे समजे, पण तोंडातून 'टॅन' एवढाच शब्द निघे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. शब्दांची जुळवाजुळव मेंदूच्या ह्या भागात होते, हे तेव्हापासून मानले जाऊ लागले. पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते, त्यांची बहुधा ह्याच बाजूला हानी झालेली असते. त्यांना शब्दच सापडत नाहीत.

मामूंचे तसे नव्हते. त्यांचे शब्द जागेवर होते, वाक्य पुरे होते, बोलण्यातला मुद्दा तर माझ्यापेक्षा सरस होता. मग बिघडले काय? ते समजण्यासाठी मेंदूच्या तळाशी जावे लागते. तेथे काही गाठी आहेत, ज्यांना डॉक्टर बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांच्या खाली काळपट रंगाचा एक लहानसा पट्टा आहे. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'काळा पदार्थ' असा होतो. त्या पट्ट्यातील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य करून वरच्या गाठींना पुरवितात. पार्किन्सनमध्ये ह्या पेशी हळूहळू मरतात. निम्म्याच्या आसपास गेल्या तरी वर काही दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

ह्या गाठींचे काम काय, हे मी माझ्या वर्गात पाटकऱ्याच्या उदाहरणाने सांगतो. कोणत्या शेताला पाणी द्यावयाचे हे वरचे अधिकारी ठरवितात, परंतु दार किती उचलावयाचे ते पाटकऱ्याच्या हातात असते. मेंदूचा वरचा थर ठरवितो, 'मुलींचे भाडे थांबवू नका' असे म्हणावयाचे. तळाच्या गाठी ठरवितात की त्यासाठी छाती किती भरावी, पडदे किती जोराने मिळावेत, तोंड किती उघडावे. डोपामीन कमी पडले की हा पाटकरी दार हातभर उचलण्याऐवजी चार बोटे उचलतो. पाऊल उचलले जाते, पण आखूड पडते. अक्षर उमटते, पण बारीक. शब्द निघतो, पण विरलेला. सूर चढत-उतरत नाही, म्हणून रागावलेला आणि आनंदलेला आवाज सारखाच वाटतो. कधी शब्द एकमेकांच्या पाठीवर पडत धावत सुटतात. सारा दोष मापाचा आहे.

इथवर ऐकून आपण म्हणाल, मग त्यांना मोठ्याने बोला म्हणावे. आम्हीही तेच म्हणत होतो, दिवसातून दहा वेळा. खरी मेख ह्यापुढे आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आयलीन हो, ब्रॅडशॉ आणि आयन्सेक ह्या संशोधकांनी १९९९ आणि २००० साली ह्याच प्रश्नावर प्रयोग केले. गोंगाट वाढला की निरोगी माणसाचा आवाज आपोआप चढतो. बाजारात आपण सारेच ओरडतो आणि ते आपल्याला कळतही नाही. ही गोष्ट फ्रान्सच्या एतियेन लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिली होती. पार्किन्सनच्या रोग्यांच्या भोवती गोंगाट वाढविला, तर त्यांचा आवाज त्या मानाने चढेना. ऐकणारा कितीही लांब बसला तरी तो निरोगी माणसांपेक्षा हळूच राही. परंतु 'आता मोठ्याने बोला' असे उघड सांगितले की वाढे! म्हणजे गळ्यात शक्ती होती, स्नायू शाबूत होते. पुढे त्यांनी रोग्यांना विचारले, तुम्ही किती मोठ्याने बोललात? रोगी प्रत्यक्षात हळू बोलले होते, पण आपला आवाज आहे त्यापेक्षा मोठा होता, असे त्यांना वाटले.

अध्यक्षमहाशय, हे मी वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मामू खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मेंदूने त्यांना सांगितले होते की तू सभेत जोराने बोललास. दार चार बोटे उघडत होते एवढेच नव्हे, तर ज्या पट्टीने ते मोजावयाचे ती पट्टीच आखूड झाली होती. चार बोटांनाच ती हातभर म्हणत होती. असा माणूस 'मी बोललो' म्हणतो आणि ऐकणारा 'तुम्ही बोललाच नाहीत' म्हणतो. दोघेही शपथेवर सांगतात आणि दोघेही प्रामाणिक असतात. किती घरांत ह्यावरून अबोला झाला असेल, त्याची मोजदाद कोणी केली आहे?

अमेरिकेत १९७८ साली लोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० रोगी तपासले. त्यांत दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या आवाजात बिघाड आढळला. म्हणजे ही मामूंच्या एकट्याची कहाणी नव्हे.

मराठीत ज्यांच्या आवाजाने दोन पिढ्या हसल्या, ते पु. ल. देशपांडे ह्याच आजाराने गेले. १९६१ साली 'बटाट्याची चाळ' त्यांनी रंगभूमीवर एकट्याने उभी केली. एकाच गळ्यातून चाळीतली सारी माणसे बोलत असत. माझ्या वडिलांकडे त्यांच्या ध्वनिफिती होत्या आणि दखनी बोलणारे आमचे घर त्या मराठीवर लोटपोट होई. १९९६ साली त्यांना पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला, तेव्हा कंपवाताने त्यांना घेरले होते. त्या समारंभातील त्यांचे भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखविले. शब्द पुलंचे, आवाज पत्नीचा. १२ जून २००० रोजी पुण्यात ते निवर्तले, आणि तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता. आमच्या मुमानी पाहुण्यांना मामूंचे बोलणे पुन्हा सांगत, तेव्हा मला हा प्रसंग आठवे. अशा किती बायका आपापल्या घरी दुसऱ्याचा आवाज होऊन बसल्या आहेत!

दुसरे उदाहरण मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे. आमच्या लहानपणी गावातल्या प्रत्येक मुसलमान पोराला वाटे की आपण मुहम्मद अली. ठोशांइतकीच त्यांची जीभही प्रसिद्ध होती. प्रतिस्पर्ध्याला ते आधी बोलण्याने नामोहरम करीत. १९८० च्या जानेवारीत ते हिंदुस्थानात आले होते आणि मद्रासला त्यांचा प्रदर्शनाचा सामना झाला होता. त्यांच्या आजाराचे निदान १९८४ साली झाले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पुढे त्यांचा आवाज कुजबुजीवर आला आणि २०१६ साली ते गेले. २०१७ साली अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या जुन्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे जमविली आणि त्यांतली अक्षरे मोजली. १९६८ ते १९८१ ह्या काळात त्यांच्या बोलण्याचा वेग २६ टक्क्यांनी उतरला होता. म्हणजे डॉक्टरांनी नाव देण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो बदल साऱ्या जगासमोर, दूरचित्रवाणीवर चालू होता आणि कोणाच्या कानाला टोचला नाही. डोक्यावर बसलेल्या ठोशांचा त्यात किती वाटा होता, ह्याची चर्चा निराळी. मला त्यात दिसते ती आमची हजेरीची वही. पुरावा कपाटात होता, पाहणारा नव्हता.

औषधाविषयी थोडे सांगतो, कारण त्यात आपल्या मुलखातील दोन वनस्पतींचा संबंध आहे आणि ही हकीकत मला फार आवडते. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. पुढे तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तर ससे जागच्या जागी निपचित पडले. मग त्यांनी सशांना लेव्होडोपा टोचले, ज्यापासून शरीरात डोपामीन बनते, आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. हे १९५७ साल. कार्लसनना ह्या क्षेत्रातील कामासाठी २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९६० साली, व्हिएन्नाच्या होर्निकीविच यांनी मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामीनचा तुटवडा दाखविला होता. आणि हे लेव्होडोपा? ते मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुयलीच्या बियांतून काढले होते! जिच्या शेंगांची लव पोरे एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात आणि जिला हकीम कौंच म्हणतात, तीच ही. मुंबईचे डॉक्टर अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ह्या बियांचा उपयोग रोग्यांवर करून पाहिला होता.

हे ऐकून उद्या कोणी कौंचाचे चूर्ण आणून गोळ्यांबरोबर घेऊ नये. दोन्हींत एकच द्रव्य आहे, माप चुकले की अपाय होतो. गोळ्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. मामूंनी पहिल्या रमजानात कोणाला न सांगता दिवसाच्या गोळ्या टाळल्या आणि चौथ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता येईना. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे मशिदीत पन्नास वेळा ऐकलेल्या माणसाला ते मौलवीसाहेबांनी घरी येऊन सांगावे लागले.

गोळ्यांनी मामूंची चाल सुधारली, बटणे लावता येऊ लागली, ताठरपणा गेला. आवाज मात्र होता तेथेच राहिला. पुष्कळांचे असेच होते. हातापायांना जितका गुण येतो तितका बोलण्याला येत नाही. मेंदूत तार घालून विजेचे स्पंदन देण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या देशातही होते. तिने थरथर आणि ताठरपणा कमी होतो, पण काहींचे बोलणे तिच्यानंतर आणखी अस्पष्ट होते. असे का व्हावे, ह्याचे पुरते उत्तर अद्याप मिळालेले नाही. ह्यावरून संशोधकांना एवढे दिसते की बोलण्यावर ताबा ठेवणारे मार्ग हातापायांच्या मार्गांहून थोडे निराळे असले पाहिजेत.

आवाजासाठी जे उपयोगी पडते ते फार साधे आहे. अमेरिकेत ली सिल्व्हरमन नावाच्या एका बाईंना हा आजार होता. त्यांचे बोलणे आपल्याला ऐकू यावे आणि समजावे, एवढीच घरच्यांची इच्छा होती. त्यांच्या नावाने १९८७ च्या सुमारास लोरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचोपचाराची एक पद्धत बसविली. आठवड्याला चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. एकूण सोळा तास. जीभ अशी ठेवा, ओठ तसे करा, असल्या सूचना त्यात नाहीत. सूचना एकच, मोठ्याने. लांब 'आ' काढा, मोठ्याने. सूर वर न्या, खाली आणा. रोज लागणारी दहा वाक्ये म्हणा, मोठ्याने. घसा ताणून ओरडावयाचे नाही, छाती भरून बोलावयाचे. आणि दर वेळी रोग्याला दाखवावयाचे की जो आवाज तुला ओरडल्यासारखा वाटतो, तोच आम्हाला नेहमीचा वाटतो. पट्टी पुन्हा आखावयाची, असे म्हणा ना. उपचारानंतर दोन वर्षांनीही सुधारणा टिकल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

त्याच धर्तीवरचे धडे मामूंना एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी मोबाइलच्या पडद्यावरून दिले. बाई मराठी बोलत, मामू दखनी. दोन दिवस मी दुभाष्या म्हणून बसलो, तिसऱ्या दिवशी त्यांना माझी गरज उरली नाही, कारण 'मोठ्याने' ह्याला भाषा लागत नाही. दहा वाक्ये मामूंनी स्वतः निवडली. त्यांत 'चहा आणा' होते, 'तुरीचा भाव काय' होते, आणि दहावे होते, 'माझा विरोध आहे'. पहिल्या आठवड्यात त्यांना लाज वाटे. म्हणत, मी असा ओरडतो, शेजारी काय म्हणतील? मी त्यांचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून त्यांना ऐकविला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, हा मी? मी तर ओरडत होतो.

त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली.

आजार बरा झाला आहे, असे कोणी समजू नये. तो बरा होत नाही. सराव सुटला की आवाज पुन्हा उतरतो. मामूंना सकाळी आणि संध्याकाळी सराव करावा लागतो आणि मुमानी शाळेच्या बाईंप्रमाणे समोर बसतात. पाणी पिताना ठसका लागू लागला, तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावयाचे, कारण बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू पुष्कळसे एकच आहेत आणि अन्नपाणी श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. आवाजाहून ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

आता ट्रस्टकडे वळतो, कारण मी सभासद म्हणूनही उभा आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन चौदा हजार माणसांची पाहणी करण्यात आली होती आणि दर लाखामागे सुमारे ३२८ जणांना हा आजार असल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यात वृद्ध पुष्कळ, म्हणून आकडा मोठा. पण एका लहान समाजाची अशी दारोदार मोजणी होऊ शकली, हे मला महत्त्वाचे वाटते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून ह्या रोग्यांसाठी काम करणारी संस्था आहे. तेथे रोगी आणि घरचे एकत्र बसतात, व्यायाम करतात, गातात. आपल्या राज्यात बोलण्या-ऐकण्याच्या दोषांसाठी म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून आहे, आणि मेंदूच्या विकारांसाठी बंगळूरचे निमहान्स आहे. पण बिदर जिल्ह्याच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याला म्हैसूर हे हजसारखेच दूर. म्हणून माझी सूचना लहान आहे. महोत्सव निधीतून काही रक्कम राखून ठेवावी. आपल्या वाडीवस्तीतल्या साठीपुढच्या माणसांकडे वर्षातून एकदा आपल्या दोन शिक्षकांनी जावे, एक ओळ लिहून घ्यावी, दोन मिनिटे बोलणे मुद्रित करावे, आणि पुढच्या वर्षी ते ताडून पाहावे. निदान करणे हे आपले काम नव्हे, ते डॉक्टर करतील. डॉक्टरकडे कोणाला न्यावयाचे एवढेच आपण पाहावे. ज्यांना वाचोपचार लागेल त्यांच्या सोळा तासांचा खर्च ट्रस्टने द्यावा. ठराव मी लेखी दिला आहे.

दुसरे सभेच्या रीतीबद्दल. विरोध विचारला की पंखे बंद करावेत आणि ज्यांचे ओठ हलतात त्यांच्यापर्यंत कोणीतरी चालत जावे.

त्या जुन्या ठरावाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. मामूंचे निदान झाल्यावर पुढच्या सभेत मी इतिवृत्त दुरुस्त करण्याची परवानगी मागितली. 'सर्वानुमते' हा शब्द खोडून 'एक विरोध' असे लिहिले आणि खाली सही केली. त्या सभेने मुलींचे बसभाडे पुन्हा सुरू केले, ह्याबद्दल विश्वस्तांचे आभार मानतो. पण मधल्या काळात तीन मुलींचे हुमनाबादला जाणे बंद झाले होते. त्यांतली एक परत शाळेत आली. दोघी आल्या नाहीत. त्यांपैकी एक आज तिच्या लहान मुलाला घेऊन ह्या मांडवात बसली आहे. माझ्या वर्गात ती गणितात पहिली असे.

माझी वीस मिनिटे संपली. ह्यानंतर मामू चार शब्द बोलणार आहेत. त्यांना मायक्रोफोन नको आहे, असे त्यांनी मला सकाळी बजावले आहे. जनरेटरजवळ जो मुलगा बसला आहे, त्याने तो कृपा करून बंद करावा. पंखेही बंद करा. मुलांनो, पुढे येऊन बसा.